आठ घरांची ओळ

१

आनंदरावांना घराबद्दल एक प्रश्न विचारला की विचारणाऱ्याची दुपार गेली, हे दौंडात सगळ्यांना माहीत होतं. पोस्टमन पाकीट ओट्यावर ठेवून हाक न मारताच सटकायचा. मीटर बघायला येणारा पोरगा तर मोबाइल कानाला लावूनच आत शिरायचा, पलीकडे कोणी बोलत नसलं तरी. शिरूरला पंचायत समितीच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आनंदरावांची अठ्ठावीस वर्षं गेली. शाळांच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, ओढ्यावरच्या मोऱ्या, सगळं सिमेंटचं काम. पण जीव अडकला होता तो या एका दगडी घरात. ड्रायव्हर लाइन, घर नंबर पाच.

वाफेच्या इंजिनांच्या काळात कुणा कंत्राटदारानं स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर ही आठ घरं बांधली आणि ड्रायव्हर लोकांना भाड्यानं दिली. पुढे ज्यानं त्यानं आपापलं घर विकत घेतलं. आठ घरं एकाला एक चिकटलेली, डोक्यावर एकच सलग कौलारू छप्पर, आणि दोन घरांच्या मध्ये दीड फूट जाडीची एकच सामाईक भिंत. काळा घडीव दगड, सांध्यांत चुन्याचे दर्जे, दारावर अर्धगोल कमान, पुढे ओटा. भर मे महिन्यातही मधली खोली गार. पहिली चार घरं रस्ता रुंद करताना गेली, त्यालाही वीस वर्षं झाली. त्या जागी आता मोकळं मैदान होतं, तिथे लोक मोटारसायकली लावायचे. उरली ती पाच ते आठ. तरी आनंदराव सांगताना आठ घरांची ओळ असंच सांगायचे. चारच तर आहेत, असं कोणी म्हणालं की त्यांचा चेहरा पडायचा.

"उभी चार हायेत," ते म्हणायचे. "ओळ आठाचीच हाय."

आणि या वर्षी त्यांच्या अभिमानाला सरकारी शिक्का मिळाला. ड्रायव्हर लाइनीचं नाव वारसा वास्तूंच्या यादीत आलं. आनंदरावांनी त्या कागदाच्या सहा झेरॉक्स काढल्या, एक लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगली. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता अधिकारी येऊन निळा फलक बसवणार होते. सोबत एक फॉर्म होता, त्यात 'वास्तूचे महत्त्व' असा रकाना. रकाना चार ओळींचा, आनंदरावांनी चार पानं जोडली होती.

त्यांची बायको मुक्ताबाई वडगाव रासाईची, भीमेच्या काठची. अडतीस वर्षं तिनं या घरात काढली होती. तिचं घराबद्दलचं मत थोडक्यात होतं: मोरी तुंबते. माहेराहून येताना तिनं आईचा लोखंडी खलबत्ता आणला होता. बत्त्याचं एक टोक कधीकाळी दगडावर पडून चिरलं होतं, त्यामुळे तो खलात पडला की टण् वाजायचा आणि मागून एक बारीक थरथर ऐकू यायची. गल्लीच्या तोंडाशी असतानाच आनंदरावांना कळायचं की आज जेवायला शेंगदाण्याची चटणी आहे.

२

यादीत आलं म्हणजे घर मूळ रूपात आणायला हवं. मधल्या खोलीच्या भिंतींना आनंदरावांच्या वडिलांनी हौसेनं सिमेंटचा गिलावा केला होता, तो आनंदरावांनी स्वतः छिन्नी घेऊन काढला. जुन्या पद्धतीच्या चुन्यासाठी वरवंडच्या गुऱ्हाळातून गूळ आणला, हिरडा भिजत घातला, चुना मळला. रोज जेवण, अर्धा तास पडणं, आणि तीन वाजता चुना, असा त्यांचा दिवस ठरून गेला.

गिलावा निघाला तेव्हा तो दगड सापडला.

छातीच्या उंचीवर, मैदानाच्या बाजूच्या भिंतीत, तळहाताएवढा. बाकीचे दगड टाकीच्या घावांनी खडबडीत होते, हा मात्र आरशासारखा गुळगुळीत. समोर सहा नंबरच्या भिंतीतही तसाच दुसरा. आनंदरावांना इतका आनंद झाला की ते हातातल्या छिन्नीसकट स्वयंपाकघरात गेले आणि मुक्ताबाईला ओढून घेऊन आले.

"बोलका दगड," ते म्हणाले. "वडील सांगायचे. आज डोळ्यानं बघतोय."

हा दगड भिंतीच्या आरपार जायचा. या घरात ठोकलं की शेजारच्या घरात स्पष्ट ऐकू यायचं. इंजिनावर ड्युटी लागली की शेडमधून कॉलमन निरोप घेऊन यायचा. तो आळशी होता की शहाणा कोण जाणे, पण आठ दारं फिरायचा नाही. एक नंबरच्या भिंतीवर ठोके द्यायचा, जितक्या नंबरचं घर तितके. एक नंबरवाले ते दोन नंबरला द्यायचे, दोनवाले तीनला, आणि असा निरोप भिंतीभिंतीतून पोचायचा. ज्याचा निरोप त्यानं उलट एकच ठोका द्यायचा. म्हणजे ऐकलं, येतो. त्यानंतर बरोब्बर दोन तासांनी ड्युटी. निरोप तीनदा वाजे. तिसऱ्यांदाही कोणी तो पुढे दिला नाही, तर ज्या घरात अडकला त्या घराची ड्युटी. ओळीतला हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलेला नव्हता.

याच कायद्यावर आनंदरावांच्या घराण्याची सगळ्यात मोठी गोष्ट उभी होती. एकदा आठ नंबरचा ड्रायव्हर तापानं फणफणला होता आणि त्याचा निरोप आला. आनंदरावांच्या आजोबांनी तो मुद्दाम पुढे दिला नाही. तीनदा वाजू दिला, स्वतः एक ठोका दिला, आणि पेटी उचलून इंजिनावर गेले. त्या फेरीवरून आजोबा परत आले नाहीत. ही गोष्ट फॉर्मच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर होती.

मुक्ताबाईनं ती अडतीस वर्षांत शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी दगडावरून बोट फिरवत ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आजीला कुणी इचारलं व्हतं का?"

 आनंदरावांना तो प्रश्न जरा आडवाच वाटला. ते सरळ उठून आठ नंबरला गेले.

आठ नंबरमध्ये माऊली राहायचा, त्याची बायको शितल आणि सहा वर्षांची ऋतिका. माऊलीच्या भिंतीवरचा गिलावा कधीच गळून पडला होता आणि दगड उघडाच होता, फक्त तो कशाचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. आनंदरावांनी ऋतिकाला खेळ शिकवला. आठ ठोके मोजायचे आणि पळीनं एक द्यायचा. पोरीला तो फार आवडला. ती दिवसभर पळी घेऊन भिंतीशी बसून राहायला लागली, आणि आनंदराव येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायला लागले की ओळीची विद्या पुढच्या पिढीत गेली.

३

मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी भिंत वाजली.

आनंदराव चुन्याची थापी हातात घेऊन मैदानाच्या बाजूच्या भिंतीशीच उभे होते. सात ठोके. सावकाश, एकसारख्या अंतरानं. दगडातून येतो तसा कोरडा, जवळचा आवाज.

त्यांना वाटलं, बाहेरून कोणी टवाळखोर ठोकतोय. ते बाहेर गेले. मैदानात ऊन चटकत होतं. दहाबारा मोटारसायकली, एक झोपलेलं कुत्रं, बाकी कोणी नाही. चार नंबर पाडलं तेव्हा ही भिंत उघडी पडली होती आणि तिच्यावर पावसापासून राखायला पत्रे ठोकले होते. दगड त्या पत्र्यांच्या मागे. बाहेरून कोणी ठोकलंच असतं तर पत्रा वाजला असता.

ते आत आले, आणि पुन्हा सात.

ओव्हरसियर माणसाकडे कारणं कमी नसतात. ओला चुना सुकताना भिंत आवाज करते. मालगाडी गेली की रुळांची थरथर जमिनीतून येते. आनंदरावांनी दोन्ही कारणं मनात नीट मांडली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण ठोके मोजलेत, आणि दोन्ही वेळा ते सातच भरलेत.

तिसऱ्यांदा सात वाजले. आता सांगायला हरकत नाही, त्या क्षणी त्यांना भीती वाटली नाही. छाती भरून आली. शंभर वर्षांपूर्वीची व्यवस्था, आणि अजून शाबूत. निरोप सात नंबरचा, आपण मधले, आपलं काम पुढे देणं. थापीचा दांडा उलटा धरून त्यांनी समोरच्या दगडावर सात ठोके दिले.

जरा वेळ काहीच नाही. मग सहा नंबरच्या आतून, लांबून, सात ठोके पुढे गेले.

पाठोपाठ एक ठोका परत आला. तो सहा नंबरमधून आला आणि आनंदरावांच्या समोरच्या दगडावर वाजला. त्यांनी वळून मैदानाच्या बाजूच्या दगडावर एक ठोका दिला. भिंत गप्प झाली.

ते स्वयंपाकघरात गेले आणि सगळं सांगितलं. मुक्ताबाई शेंगदाणे भाजत होती. तिनं तव्यावरचे दाणे परतले आणि मगच विचारलं, "सहा नंबरला कुलूप हाय ना?"

सहा नंबरच्या मालकांचं वरवंडला दुकान होतं. घराला नऊ वर्षं कुलूप होतं. किल्ली आनंदरावांच्याच खुंटीला होती.

४

सात नंबरला शेवंताबाई एकट्या राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. नवरा ड्रायव्हर होता, तो जाऊन तीस वर्षं झाली होती. आनंदराव त्यांना भेटायला निघाले, पण वाटेत माऊलीनं गाठलं, मग फलकाच्या मांडवाचं बोलणं निघालं, आणि आनंदराव बोलायला लागले की वेळेचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. सातच्या दारात ते पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते.

दार उघडं होतं. शेवंताबाई नवऱ्याच्या पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. अंघोळ केलेली, जरीकाठी लुगडं, केस विंचरलेले. पेटीशेजारी जुना कंदील, पुसून लख्ख केलेला. हात मांडीवर, मान जरा भिंतीकडे कललेली. अंग अजून कोमट होतं.

सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. आनंदरावही म्हणाले. अंत्यविधीला ते सगळ्यांपुढे होते. पण डोक्यात एक हिशोब आपोआप होत होता, तीन दहा आणि पाच दहा, आणि तो कितीही वेळा केला तरी तेवढाच भरत होता.

बुधवारी सकाळी त्यांनी सहा नंबरचं कुलूप उघडलं. ते एकटे गेले नाहीत, मुक्ताबाई सोबत होती. नऊ वर्षांची धूळ, बोटभर. तिच्यावर पालीच्या शेपटीची एक नागमोडी रेघ होती, बाकी पाऊलखूण कुठेच नाही. जाळी, पाकोळ्यांची शीट, कोपऱ्यात कुणाची तरी मोडकी खुर्ची. दोन्ही भिंतींवर सिमेंटचा गिलावा तसाच, त्यांच्या वडिलांच्याच वेळचा.

फक्त दोन ठिकाणी, छातीच्या उंचीवर, गिलावा नव्हता. तो फोडलेला नव्हता. खाली एक खडाही पडलेला नव्हता. हात लागून लागून कपडा विरावा तसा तो विरला होता आणि आतला दगड दिसत होता, गुळगुळीत.

आनंदरावांनी त्याला हात लावला. एवढ्या बंद, गार खोलीत तो दगड शेवंताबाईंसारखा कोमट होता. त्यांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"तुम्हीच फुडं धाडला न्हवं निरोप," मुक्ताबाई म्हणाली. दोष द्यायला नाही, खात्री करून घ्यायला विचारावं तशी.

"कंपन असतं ते," आनंदराव म्हणाले.

मुक्ताबाईनं सहाचं कुलूप परत लावलं. घरी येऊन तिनं देवापुढे दिवा लावला आणि ऋतिकाला दुपारी आपल्याकडे खेळायला बोलवायला सुरुवात केली. शनिवारपर्यंत भिंत वाजली नाही. आनंदरावांनी गुळगुळीत दगडांवरून चुना ओढायचं दोनदा ठरवलं. दोनदा थापी भरली आणि परत ठेवली. यादीतल्या घराचा मूळ भाग झाकायचा नसतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं तर त्यांना तो दगड झाकवत नव्हता. त्यांच्या घरासारखं घर साऱ्या तालुक्यात नव्हतं, आणि हे त्याचं हृदय होतं.

५

रविवारी ओट्यावर मांडव पडला. शितलनं रांगोळी काढली. पुण्याहून अपेक्षा, आनंदरावांची मुलगी, चारच्या गाडीनं निघणार होती, म्हणजे फलक लागल्यावरच पोचणार होती. ऋतिकाला नवा फ्रॉक घातला होता, त्यामुळे ती त्या दुपारी आपल्याच घरी होती, मळू नये म्हणून.

तीन दहाला भिंत वाजली. आनंदराव मधल्या खोलीत धोतराचा सोगा खोचत होते. त्यांनी मोजले. आठ.

बाहेर माऊली खुर्च्या मांडत होता, त्या खुर्च्यांचा आवाज येत होता. आणि भिंतींच्या पलीकडून, लांबून, ऋतिका पळी आपटत काहीतरी गुणगुणत होती तेही येत होतं.

पुन्हा आठ.

आता तिसऱ्यांदा वाजेल, आणि त्याच्या आत काय ते ठरवायचं. पुढे दिला तर सहातून सातात, सातातून आठात, आणि आठात एक पोर पळी घेऊन बसलेली, तिला आपणच शिकवलेलं. न द्यावा तर तो इथेच. आजोबांची गोष्ट सांगताना जिथे त्यांचा आवाज नेहमी चढायचा, ते हेच ठिकाण होतं. आनंदरावांनी स्वतःला तिथे उभं केलेलं हजारदा पाहिलं होतं, आणि दर वेळी ते ताठ उभे होते.

त्या दुपारी त्यांच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. हे कंपन आहे. शेवंताबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या. कंपन असेल तर पुढे दिलं काय आणि नाही दिलं काय, कुणाला काय होणार आहे? आणि काही होणारच नसेल, तर द्यायला हरकत कोणती? विचार इतका सरळ आणि स्वच्छ होता की त्यांना तो आपला शहाणपणा वाटला. पाय आपोआप सहाच्या भिंतीकडे गेले. थापी हातात कधी आली कळलं नाही.

तिसऱ्यांदा आठ वाजले. आनंदरावांनी दांडा उचलला आणि ठोकायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

मागे टण् वाजलं, आणि मागून एक बारीक थरथर.

ते वळले. मुक्ताबाई मैदानाच्या बाजूच्या दगडापाशी उभी होती. हातात बत्ता, बोटांना दाण्याचं कूट लागलेलं. एकच ठोका दिला होता तिनं. भिंत गप्प झाली होती.

"मुक्ता," आनंदराव म्हणाले. "तो आठ नंबरचा व्हता."

"पोरगी हाय तिथं."

"मी देत न्हवतो. मी..."

"तीन दिलं तुम्ही." तिनं पदरानं बत्ता पुसला. "निरोप ह्या घरात अडकला. घर नंबर पाचच हाय न्हवं? मग झालं की."

आनंदरावांना अशी लाज वाटली की जमिनीनं पोटात घ्यावं. मग लाजेवर भीतीनं मात केली. त्यांनी माऊलीला गाडी काढायला लावली आणि मुक्ताबाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, ईसीजीची पट्टी काढली. मुक्ताबाई सगळ्यांना सांगत होती, मला काही झालेलं नाही, हे उगीच घाबरलेत. पट्टी उत्तम आली. डॉक्टर हसून म्हणाले, "काकू आपल्या दोघांना पोचवतील." आनंदरावही हसले. पाऊण तासात त्यांच्या छातीवरचा धोंडा हलका झाला. परत येताना गाडीत त्यांनी तिचा हात धरला. माऊली पुढे बसलेला असताना असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं अंघोळ केली आणि लग्नातलं इरकली लुगडं नेसली. फलकासाठी नेसतेय असं म्हणाली. गॅसचं पुस्तक कुठे आहे ते सांगितलं. दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. आनंदराव तिच्या मागे मागे फिरत होते. पाचला पाच कमी असताना अधिकारी आले, तेव्हा ते तिला म्हणाले की तू माझ्याशेजारून हलायचं नाहीस. ती बरं म्हणाली आणि ओट्यावर त्यांच्याशेजारी खुर्चीत बसली.

फलक लागला. टाळ्या झाल्या. आणि अधिकारी, तरुण, सज्जन माणूस, सहज म्हणाला, "आनंदराव, घराबद्दल दोन शब्द सांगा ना."

आनंदराव उभे राहिले. त्यांनी दगडापासून सुरुवात केली. कमानीवर आले, सलग छपरावर आले. माणसं खरंच ऐकत होती, अधिकारी वहीत टिपून घेत होता, आणि आयुष्यभराची भूक भागत असल्यासारखे आनंदराव बोलत गेले. शेजारची खुर्ची हलल्याचं त्यांना कळलं. नारळ आणायला गेली असेल असं कुठेतरी वाटलंही. ते तेव्हा आजोबांपर्यंत आले होते. निरोप पुढे दिला नाही, तिथे त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला. वाक्याच्या मध्यात त्यांची नजर उघड्या दारातून आत गेली.

मधल्या खोलीत उजेड होता. तो दारातून आलेला नव्हता. मैदानाच्या बाजूनं आलेला होता, जिथे भिंत असायची. तिथे तशीच एक खोली होती, पांढरी, शेणानं नुकतीच सारवलेली. तिच्यापलीकडे तशीच आणखी एक. तिच्यापलीकडे आणखी. मुक्ता पाठमोरी चालत होती, इरकली लुगडं, हातात बत्ता, कुठे घाई नाही. अगदी टोकाशी, चौथ्या खोलीत, भर दिवसा पेटवलेला कंदील घेऊन कोणीतरी उभं होतं आणि वाट बघत होतं.

आनंदरावांच्या तोंडातलं वाक्य पुरं झालं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा आत भिंत होती.

मुक्ताबाई दगडाच्या खाली भिंतीला टेकून बसलेली सापडली. डोळे मिटलेले, चेहरा शांत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं, आणि ती पट्टी पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघितली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बत्ता सापडला नाही. अपेक्षानं पुढचे पंधरा दिवस सगळं घर धुंडाळलं, खल होता, बत्ता नव्हता.

६

फॉर्म द्यायचा राहिला होता. महिन्यानं तो अधिकारी स्वतः न्यायला आला. आनंदरावांनी चारही पानं काढून घेतली होती. 'वास्तूचे महत्त्व' या रकान्यात आता त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती: या घरात मुक्ताबाई आनंदराव अडतीस वर्षे राहिल्या व त्यांनी या घराची लाज राखली.

अधिकाऱ्यानं ती दोनदा वाचली. यात स्थापत्याविषयी काही नाही, असं तो हळूच म्हणाला. आनंदराव म्हणाले, एवढंच हाय. कागद तसाच गेला.

अपेक्षानं त्यांना पुण्याला चला म्हणून खूप विनवलं. ते गेले नाहीत. तीन ते चार या वेळात ते घर सोडत नाहीत, लग्न असो की मयत. मधल्या खोलीत दोन दगडांच्या मध्ये खुर्ची टाकून, सहा नंबरकडे पाठ करून बसतात. या बाजूनं आता काही पुढे जाणार नाही. ऋतिका शाळेतून आली की ओट्यावर खेळते आणि तिचा आवाज त्यांना आतपर्यंत येतो.

रोज तीन दहाला ते उठतात आणि मैदानाच्या बाजूच्या दगडावर ठोके देतात. चार. शेजार चार नंबरचा, म्हणून चार. मुक्ता कुठल्या घरात थांबली असेल ते त्यांना ठाऊक नाही, पण शेजाऱ्यानं पुढे द्यावा, ओळीचा तसा कायदा आहे. मग कान लावून उभे राहतात. पत्र्यामागे वारा असतो, कधी मालगाडीची थरथर असते. ती थरथर कोणती आणि कशाची, ते आता त्यांना चांगलं ओळखता येतं.

परवा शिरूरहून जुने ओळखीचे दत्ता मिस्त्री फलक बघायला आले होते. उभ्या आयुष्यात सिमेंट कालवलेला माणूस, तो दगडाच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, काम नंबरी आहे. आनंदरावांनी चहा टाकला. बोलता बोलता तीन दहा झाले. ते पाहुण्याला थांबा म्हणाले, उठले, आणि दगडावर चार ठोके दिले.

दत्ता मिस्त्री काय चाललंय म्हणून बघत राहिले. आनंदराव कान लावून उभे होते.

टण्. आणि मागून एक बारीक थरथर.

दत्ता मिस्त्रींनी कपबशी खाली ठेवली. पलीकडं कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. मघाशीच ते त्या बाजूला मोटारसायकल लावून आले होते.

आनंदरावांनी दगडावर तळहात ठेवला. मग वळले, तेव्हा त्यांची मान ताठ होती आणि डोळे भरलेले होते.

"आठ घरांची ओळ हाय," ते म्हणाले. "आठही शाबूत हायेत."